सुडो नाकारतंय आणि वेबसर्व्हर बंद आहे: लिनक्सवर कुठून सुरुवात करायची

साइट उघडत नाही म्हणून सर्व्हरवर लॉगिन केलं, वेबसर्व्हर सुरू करायची कमांड दिली, आणि सुडोनेच, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमने, नकार दिला. या दोन अडचणी वाटतात त्यापेक्षा जास्त वेळा एकत्र येतात, आणि पुष्कळदा दोघींचं मूळ एकच असतं. परवानग्या दुरुस्त करायला गेलेलं ‘सीएचमॉड’ चुकीच्या फोल्डरवर चाललेलं असतं, नाहीतर डिस्कमध्ये दोष येऊन सगळी फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरलेली असते. कधी महिन्यांपूर्वी केलेला अर्धवट बदल रीबूट होताच उघडा पडतो. म्हणून हाताला येईल ती कमांड मारण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. घाईत दिलेला रीस्टार्ट अर्धवट चालणारी साइट पूर्ण बंद पाडू शकतो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, अंकही रोमनच. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘नाव’ असेल तिथे तुमचं युझरनेम घाला. उदाहरणं एनजिनएक्स या वेबसर्व्हरची आहेत. अपाची असेल तर डेबियन आणि उबुंटूमध्ये सेवेचं नाव ‘अपाची२’, आणि फेडोरा, रेड हॅट, रॉकी या घराण्यात ‘एचटीटीपीडी’.

अधिकार नसतानाही काय काय कळतं

ॲडमिनचे अधिकार नाहीत म्हणून हात बांधले गेले असं नाही. पुढच्या चारही कमांड साध्या युझरला चालतात:

सिस्टिमसीटीएल स्टेटस एनजिनएक्स
कर्ल -आय एचटीटीपी://लोकलहोस्ट
डीएफ -एच
आयडी

कर्लमधला ‘आय’ मोठा. त्याचं उत्तर नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या पोर्टवर कुणीच ऐकत नाही, म्हणजे वेबसर्व्हर खरोखर बंद आहे. ५०२ किंवा ५०३ आलं तर वेबसर्व्हर जिवंत आहे आणि त्याच्या मागचा ॲप्लिकेशन सर्व्हर किंवा पीएचपी झोपलंय, तेव्हा एनजिनएक्स कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी उपयोग नाही. सर्व्हरवरून २०० (म्हणजे सगळं ठीक) येतंय पण बाहेरून विनंती लटकून शेवटी टाइमआउट होतेय, तर फायरवॉलकडे बघा. हा एक फरक ओळखता आला की निम्मं काम तिथेच संपतं.

एक फसवी जागा मात्र आहे. सुडोशिवाय ‘जर्नलसीटीएल’ चालवलं आणि ‘नो एंट्रीज’ आलं, म्हणजे लॉग रिकामा आहे असं समजू नका. ‘एडीएम’ किंवा ‘सिस्टिमडी-जर्नल’ ग्रुपमध्ये नसलेल्या युझरला सिस्टिमचे संदेश दिसतच नाहीत. तसंच ‘एसएस -एलटीएनपी’ पोर्ट दाखवतं, पण दुसऱ्याच्या प्रोसेसचं नाव झाकून ठेवतं.

सुडो नेमकं काय म्हणतंय

सुडोचा नकार एकाच प्रकारचा नसतो. संदेशातला शब्द न् शब्द वाचायचा, कारण प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

‘इज नॉट इन द सुडोअर्स फाइल’ असं आलं, तर पासवर्ड बरोबर आहे पण तुम्हाला अधिकार दिलेला नाही. डेबियन-उबुंटूत अधिकार ‘सुडो’ नावाच्या ग्रुपमधून मिळतो, रेड हॅट घराण्यात ‘व्हील’मधून. दुसरा कुणी ॲडमिन असेल किंवा रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड माहीत असेल, तर तिथून एवढंच करायचं:

युझरमॉड -एजी सुडो नाव

यातला ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठा. हा लहान ‘ए’ अजिबात विसरायचा नाही. तो नसला तर युझरमॉड युझरला नव्या ग्रुपमध्ये घालतं खरं, पण बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपमधून काढून टाकतं. वेबसाइटच्या फाइली लिहिता याव्यात म्हणून कुणीतरी स्वतःला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ ग्रुपमध्ये घालतो, ‘ए’ राहून जातो, आणि पुढच्या लॉगिनला सुडो गेलेलं असतं. ॲडमिन अधिकार आपल्याच हाताने घालवण्याचा हा सर्वात सोपा मार्ग.

ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा यावं लागतं. चालू सेशन जुनेच ग्रुप घेऊन बसतं, आणि टीमक्स किंवा स्क्रीन (कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू ठेवणारे प्रोग्रॅम) वापरत असाल तर एसएसएच तोडून जोडलं तरी आतली शेल जुनीच राहते. खात्री करायची तर ‘आयडी’ आणि ‘आयडी नाव’ अशा दोन्ही कमांड द्या. पहिली चालू सेशनचे ग्रुप सांगते, दुसरी नोंदवहीतले. दोन्हींत फरक दिसला तर पुन्हा लॉगिन करण्यापलीकडे काही करायचं नाही.

डेबियन बसवताना रूटला पासवर्ड दिला असेल, तर पहिल्या युझरला सुडो मिळतच नाही. तिथे काही बिघडलेलं नाही, ती पद्धतच आहे. ‘एसयू -’ करून रूट व्हा आणि वरची कमांड द्या. एसयूनंतरची आडवी रेघ टाळली तर रूटचा पूर्ण मार्ग मिळत नाही आणि ‘युझरमॉड: कमांड नॉट फाउंड’ असं उत्तर येतं, कारण ते ‘/यूएसआर/एसबिन’मध्ये असतं. सुडोच बसवलेलं नसेल तर आधी ‘एपीटी इन्स्टॉल सुडो’.

‘सॉरी, ट्राय अगेन’ ही पासवर्डची तक्रार. सुडो सहसा तुमचा स्वतःचा पासवर्ड मागतं, रूटचा नव्हे. ओपनसुसेच्या काही आवृत्त्या मात्र मूळ मांडणीत रूटचा मागतात. टाइप करताना काहीच दिसत नाही, त्यामुळे कॅप्स लॉक आणि कीबोर्डची भाषा तपासा. पासवर्ड नक्की बरोबर असूनही नकार येत असेल तर फेललॉकचा संशय घ्या. त्याच्या मूळ मांडणीत तीन चुका झाल्या की खातं १० मिनिटं बंद होतं, आणि त्या वेळात बरोबर पासवर्डही चुकीचाच ठरतो. माणूस मग चिडून आणखी प्रयत्न करत राहतो. रूटकडून ‘फेललॉक --युझर नाव’ केलं की झालेल्या चुका दिसतात, त्याच कमांडला शेवटी ‘--रीसेट’ जोडलं की खातं मोकळं होतं. दुसरा ॲडमिन नसेल तर हात आवरून १० मिनिटं थांबायचं.

सुडोअर्स फाइलमध्ये, म्हणजे कुणाला कुठला अधिकार ते लिहिलेल्या फाइलमध्ये, व्याकरणाची चूक झाली तर जास्त त्रास. ‘सिंटॅक्स एरर’ किंवा ‘पार्स एरर’ आणि पुढे ओळीचा क्रमांक येतो. ही फाइल नेहमी ‘व्हीसुडो’नेच उघडायची, नॅनोसारख्या एडिटरने थेट नाही. जतन करताना चूक सापडली तर व्हीसुडो ‘व्हॉट नाऊ?’ विचारतं. तेव्हा ‘ई’ म्हणजे पुन्हा दुरुस्त करा, ‘एक्स’ म्हणजे बदल टाकून बाहेर पडा, आणि मोठा ‘क्यू’ म्हणजे चुकीसकट जतन करा. तो मोठा ‘क्यू’ दाबायची वेळ कधीच येऊ नये. चूक होऊन बसलीच असेल आणि रूटची शेल कुठे उघडी असेल, तर ती बंद करू नका. नसेल तर ‘पीकेएक्झेक व्हीसुडो’ करून बघा. पीकेएक्झेकही ॲडमिन अधिकाराने कमांड चालवतं, पण सुडोअर्सवर अवलंबून नसतं, म्हणून डेस्कटॉपवर बहुधा काम होतं.

स्वतंत्र नियम ‘/ईटीसी/सुडोअर्स.डी’ या फोल्डरमध्ये ठेवत असाल तर तीन गोष्टी नडतात. फाइलच्या नावात टिंब असेल किंवा शेवटी लहर-चिन्ह असेल तर सुडो ती फाइल गुपचूप वगळतं. ‘वेब.कॉन्फ’ असं नाव दिलं आणि नियम लागू का होत नाही म्हणून डोकं धरून बसायचं, असं होतं. दुसरं, फाइल रूटच्या मालकीची आणि ०४४० परवानगीची हवी. तिसरं, एकाच कमांडला दोन नियम लागू होत असतील तर शेवटचा जिंकतो. त्यामुळे नोपासडब्ल्यूडीची, म्हणजे पासवर्ड न विचारता कमांड चालवू देणारी, ओळ ग्रुपच्या ओळीच्या वर लिहिली तर तिचा परिणाम दिसत नाही. सध्या नेमकं काय लागू आहे ते ‘सुडो -एल’ सांगतं.

आता सर्वात वाईट संदेश: ‘/यूएसआर/बिन/सुडो मस्ट बी ओन्ड बाय यूआयडी ० अँड हॅव द सेटयूआयडी बिट सेट’. सुडो हा जादूचा प्रोग्रॅम नाही. त्या फाइलचा मालक रूट आहे आणि तिच्यावर सेटयूआयडीची खूण (कुणीही चालवलं तरी प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालतो ती) आहे, एवढ्यावरच त्याची ताकद उभी आहे. कुणी ‘/यूएसआर’वर आतपर्यंत जाणारं ‘सीएचओन’ किंवा ‘सीएचमॉड’ चालवलं की ती खूण पुसली जाते. दुरुस्ती दोन ओळींची, पण क्रम महत्त्वाचा:

सीएचओन रूट:रूट /यूएसआर/बिन/सुडो
सीएचमॉड ४७५५ /यूएसआर/बिन/सुडो

आधी मालक, मग परवानगी. उलट केलं तर मालक बदलताना कर्नल सेटयूआयडीची खूण पुन्हा काढून टाकतं. अडचण अशी की या दोन ओळी चालवायला रूट लागतो, आणि एसयू व पीकेएक्झेकही त्याच खुणेवर जगतात, त्यामुळे तीही दारं बंद झालेली असतात. मग पुढचा रिकव्हरीचा रस्ता धरावा लागतो. सगळ्या ‘/यूएसआर’ची वाट लागली असेल तर एकेक फाइल शोधत बसू नका. रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम --रिस्टोर’ पॅकेजच्या मूळ परवानग्या परत बसवतं. डेबियनमध्ये पॅकेजेस पुन्हा बसवावी लागतात, आणि बॅकअप ताजा असेल तर तोच परत आणणं शहाणपणाचं.

‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ ही नुसती कुरकुर आहे, नकार नाही. ‘/ईटीसी/होस्ट्स’मध्ये १२७.०.१.१ पुढे सर्व्हरचं नाव लिहा, संपलं. कंटेनरमध्ये ‘नो न्यू प्रिव्हिलेजेस’ असं आलं तर ते बंधन बाहेरून घातलेलं असतं, आत काही करता येत नाही.

सुडो चाललं तरी ‘परमिशन डिनाइड’

‘सुडो इको काहीतरी > फाइल’ हे चालत नाही, कारण बाणाचं चिन्ह तुमची शेल हाताळते आणि तिला रूटचे अधिकार नसतात. त्याऐवजी ‘इको काहीतरी | सुडो टी -ए फाइल’. इथला ‘ए’ विसरलात तर जुना मजकूर पुसला जाईल. ‘सुडो सीडी’ही अशाच कारणाने चालत नाही. सीडी हा शेलचा भाग आहे, स्वतंत्र प्रोग्रॅम नाही.

रूट असूनही फाइल बदलत नसेल तर ‘एलएसएटीटीआर फाइल’ करून बघा. यादीत ‘आय’ दिसला तर ती फाइल कुणीतरी मुद्दाम गोठवली आहे. ‘सीएचएटीटीआर -आय’ने ती मोकळी होते. पण ती का गोठवली होती हे आधी विचारा.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं तर सावध. ईएक्सटी४ची डिस्क चुका देऊ लागली की पुष्कळ मांडण्यांत कर्नल तिला आपणहून फक्त वाचण्यापुरती ठेवतं. ‘सुडो डीमेसेज -टी’ चालवून, इथला ‘टी’ मोठा, आयओ एरर आहेत का बघा. असतील तर जबरदस्तीने लिहिण्यायोग्य करू नका. आधी डेटा बाहेर काढा, मग ती डिस्क अनमाउंट करून एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड. वेबसर्व्हर बंद पडायचं कारणही इथेच असू शकतं.

बाहेर पडलात तर: ग्रबमधून आत

दुसरा ॲडमिन नाही आणि रूटचा पासवर्डही नाही, अशा वेळी मशीनच्या कन्सोलपाशी जावं लागतं. भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर कंपनीच्या पॅनेलमधला वेब कन्सोल किंवा रेस्क्यू मोड वापरायचा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्ली लागेलच.

१. रीबूट करा आणि ग्रबचा, म्हणजे लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणा. उबुंटूत जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआयवर एस्केप.
२. पहिल्या नोंदीवर ‘ई’ दाबा.
३. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यातलं ‘आरओ’ बदलून ‘आरडब्ल्यू’ करा, ‘क्वाएट स्प्लॅश’ काढा, आणि ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ लिहा.
४. कंट्रोल-एक्स किंवा एफ१०.
५. रूटची शेल मिळेल. तरीही डिस्क फक्त वाचण्यापुरती असेल तर ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’. ‘/यूएसआर’ किंवा ‘/व्हार’ वेगळ्या विभागात असतील तर ‘माउंट -ए’.
६. आता जे बिघडलं तेवढंच दुरुस्त करा: ‘पासडब्ल्यूडी नाव’, किंवा युझरमॉड, किंवा व्हीसुडो, किंवा वरच्या दोन ओळी.
७. एसईलिनक्स (फाइलींना लेबलं लावून जादा सुरक्षा देणारी व्यवस्था) चालू असेल तर ‘टच /.ऑटोरीलेबल’ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर नव्या पासवर्डची फाइल चुकीच्या लेबलची राहते आणि लॉगिनच होत नाही. त्यानंतरचं पहिलं बूट लांबतं, मध्येच वीज बंद करू नका.
८. ‘सिंक’, आणि मग ‘रीबूट -एफ’. साधं ‘रीबूट’ इथे चालणार नाही, कारण सगळ्या सेवा सांभाळणारं सिस्टिमडी सुरूच झालेलं नाही.

ग्रबमधला बदल त्या एका बूटपुरता असतो, पुसायची गरज नाही. कन्सोल हातात असलेल्या कुणालाही हेच करता येतं, हे ओळखून सर्व्हर कुठे ठेवायचा ते ठरवा.

वेबसर्व्हर: सुरू करण्याआधी वाचा

स्टेटसमधली ‘ॲक्टिव्ह’ची ओळ पहिली. ‘इनॲक्टिव्ह’ आणि पुढे ‘डेड’ म्हणजे कुणी थांबवला किंवा सुरूच केला नाही. ‘फेल्ड’ म्हणजे सुरू व्हायला गेला आणि पडला, किंवा चालता चालता मेला. ‘मास्क्ड’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम कुलूप घातलंय. ‘अनमास्क’ने निघतं, पण कुलूप का होतं ते आधी बघा. वरच्याच ‘लोडेड’च्या ओळीत ‘डिसेबल्ड’ दिसलं, तर बूटच्या वेळी आपोआप सुरू होत नाही. आत्ता चालू असणं आणि बूटला सुरू होणं या वेगळ्या गोष्टी. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ एनजिनएक्स’ दोन्ही करतं.

‘फेल्ड’ असेल तर आधी लॉग:

सुडो जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -एन ५० --नो-पेजर

मधे रीबूट झालं असेल तर ‘-बी -१’ जोडून मागच्या बूटचे संदेश बघा. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डरच नसेल तर मागचे संदेश रीबूटबरोबर गेलेले असतात. सुरूच होता येत नसण्याची बहुतेक कारणं ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग’मध्येही असतात.

मग कॉन्फिगची परीक्षा: ‘सुडो एनजिनएक्स -टी’, अपाचीसाठी ‘सुडो अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’. सुडो विसरलात तर एनजिनएक्स लॉग आणि पीआयडी फाइल उघडता येत नाही म्हणून ओरडेल, ती चूक खरी नव्हे. ओळीचा क्रमांक मिळाला की तिच्या वरची ओळही बघा. अर्धविराम मागच्या ओळीत राहिलेला असतो आणि एनजिनएक्सला ते पुढच्या ओळीवर गेल्यावर कळतं. अपाचीत ‘एएच००५५८’ म्हणजे सर्व्हरचं नाव ठरवता आलं नाही, ही फक्त सूचना आहे. त्यामुळे अपाची बंद पडत नाही, तरी लोक तिच्याच मागे लागतात. ‘इनव्हॅलिड कमांड’ मात्र खरी चूक. बहुधा मॉड्यूल चालू केलेलं नसतं. डेबियन-उबुंटूत ‘ए२एनमॉड रीराइट’ असं मॉड्यूलचं नाव देऊन ते चालू करा.

‘आज तर काहीच बदललं नाही’ असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नसतं. रीलोड करताना कॉन्फिग चुकीचं निघालं तर एनजिनएक्स लॉगमध्ये चूक लिहून जुन्या कॉन्फिगवर चालू राहतं. ती चूक फाइलमध्ये तशीच दबा धरून बसते, आणि सुरक्षा अपडेटनंतर सर्व्हर रीबूट झाला की साइट पडते. म्हणून आजचा बदल शोधू नका. ‘एलएस -एलटी’ करून कॉन्फिगच्या फोल्डरात सर्वात अलीकडे कुठली फाइल बदलली ते बघा, मग ती तारीख तीन महिन्यांपूर्वीची का असेना.

कॉन्फिग बरोबर, तरी ‘बाइंड’ची, म्हणजे पोर्ट धरता न आल्याची, चूक आली तर कंसातला आकडा सगळं सांगतो.

९८ म्हणजे पोर्ट आधीच कुणीतरी घेतलंय. ‘सुडो एसएस -एलटीएनपी’मध्ये ८० आणि ४४३ कुणाकडे आहेत ते बघा. बहुधा एनजिनएक्स आणि अपाची दोन्ही बसवलेले असतात आणि बूटला जो आधी पोचतो तो पोर्ट धरतो. दुसरा प्रकार जास्त गमतीशीर. कुणीतरी कधी सिस्टिमडीला बगल देऊन थेट ‘सुडो एनजिनएक्स’ चालवलेलं असतं. साइट चालू, सिस्टिमसीटीएल म्हणतं ‘फेल्ड’, आणि केलेले बदल दिसत नाहीत, असा तिहेरी गोंधळ त्यातून होतो. ‘सुडो एनजिनएक्स -एस क्विट’ करून ती प्रोसेस सभ्यपणे थांबवा आणि मग सिस्टिमसीटीएलने सुरू करा. ‘किल -९’ शेवटी.

१३ म्हणजे परवानगी नाही. १०२४च्या खालचं पोर्ट साध्या युझरला मिळत नाही. पण रूटने सुरू करूनही १३ आला तर एसईलिनक्स. नवं पोर्ट, समजा ८८८८, वेबसर्व्हरला द्यायचं तर तशी नोंद लागते: ‘सुडो सेमॅनेज पोर्ट -ए -टी एचटीटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी ८८८८’. एसईलिनक्स कायमचं बंद करणं हा इलाज नव्हे.

९९ म्हणजे कॉन्फिगमध्ये लिहिलेला आयपी पत्ता या मशीनवर नाहीच. सर्व्हर हलवल्यावर हे हमखास होतं.

एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची फाइल जागेवर नसेल किंवा खासगी किल्ली तिच्याशी जुळत नसेल तर एनजिनएक्स सुरू होत नाही. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राने मात्र सर्व्हर बंद पडत नाही, फक्त ब्राउझर इशारा देतो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नूतनीकरणात अडकलं म्हणून सर्व्हर पडला, हे निदान त्यामुळे बहुधा चुकीचं निघतं.

‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ फक्त बूटनंतर येत असेल आणि हाताने सुरू केल्यावर सगळं ठीक असेल, तर एनजिनएक्स नेटवर्कच्या आधी उठतंय. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट एनजिनएक्स’ करून युनिटच्या भागात ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ (पहिलं अक्षर मोठं) या दोन्हींना ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ द्या.

‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ ही शिक्षा आहे, कारण नाही. मूळ मांडणीत १० सेकंदांत ५ वेळा प्रयत्न झाले की सिस्टिमडी पुढचे नाकारतं. खरी चूक त्याच्या वर, पहिल्या प्रयत्नाच्या ओळीत असते. ती दुरुस्त करून ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड एनजिनएक्स’ आणि मग स्टार्ट.

डिस्क आणि मेमरी

‘डीएफ -एच’मध्ये १०० टक्के दिसलं तर उघड आहे. तिथे जागा दिसत असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ येत असेल तर ‘डीएफ -आय’ करा. लाखो बारीक सेशन फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या ठरावीक जागा, संपवलेले असतात. ईएक्सटी४ सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, म्हणून रूटला लिहिता येतं आणि त्याच वेळी डेटाबेसला येत नाही. डिस्क भरल्यावर चालू एनजिनएक्स सहसा पडत नाही, मागचा डेटाबेस आधी कोसळतो आणि ५०० किंवा ५०२ दिसू लागतं.

जागा कुठे गेली ते ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार | सॉर्ट -एच’ सांगेल. मोठा लॉग सापडला तर तो ‘आरएम’ने उडवू नका. प्रोसेस ती फाइल उघडी धरून असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. ‘सुडो ट्रंकेट -एस ० फाइल’ करा. कुणी आधीच उडवली असेल तर ‘सुडो एलएसओएफ +एल१’, ‘एल’ मोठा, ती कुणाच्या हातात आहे ते दाखवतं. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा परत येते. जर्नल फुगलं असेल तर ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’, ‘एम’ मोठा.

स्टेटसमध्ये ‘किल्ड’ आणि ९ दिसलं, आणि तुम्ही मारलेलं नसेल, तर मेमरी संपल्यावर कर्नलने बळी घेतलेला असतो. ‘सुडो जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. पुन्हा सुरू केलं की काही तास चालतं आणि पुन्हा पडतं. इथे हिशोब करावा लागतो. समजा मेमरी २ जीबी, डेटाबेस आणि बाकीचं मिळून ६०० एमबी, आणि पीएचपीची एक प्रोसेस सरासरी ६० एमबी खाते. उरलेल्या साधारण १४०० एमबीत २३ प्रोसेस बसतात. थोडी मोकळीक ठेवून ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ २० ठेवा. तिथे ५० लिहिलेलं असेल तर गर्दीच्या वेळी मशीन गुदमरणारच. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवल्याने वेळ मिळतो, दुखणं जात नाही.

चालू आहे, पण दिसत नाही

फायरवॉल: उबुंटूत ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’, रेड हॅट घराण्यात ‘सुडो फायरवॉल-सीएमडी --लिस्ट-ऑल’. नंतरच्यात नियम ‘--पर्मनंट’ने टाकला तर ‘--रीलोड’ केल्याशिवाय लागू होत नाही. क्लाउडवर पॅनेलमधली फायरवॉल वेगळी असते, तीही बघा.

४०३ (प्रवेश नाकारला) आलं की लोक ‘सीएचमॉड -आर ७७७’ मारतात. करू नका. फाइल वाचता येत असूनही मधल्या एखाद्या फोल्डरवर आत जायची परवानगी नसते, एवढंच कारण असतं. ‘नेमआय -एल’ला फाइलचा पूर्ण पत्ता दिला की प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते, आणि अडलेलं दार लगेच सापडतं. होम फोल्डरमध्ये साइट ठेवली असेल तर बहुधा तेच. परवानग्या ठीक असतील तर एसईलिनक्सची लेबलं: ‘सुडो रिस्टोरकॉन -आरव्ही /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, ‘आर’ मोठा. मागचं ॲप चालू असूनही रेड हॅट घराण्यात ५०२ येत असेल तर ‘सुडो सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १’, ‘पी’ मोठा.

पुढच्या वेळेसाठी

साइट सांभाळणाऱ्या माणसाला पूर्ण रूट देण्याऐवजी एवढीच कमांड द्या. ‘सुडो व्हीसुडो -एफ /ईटीसी/सुडोअर्स.डी/वेब’ करून एक ओळ, ‘ऑल’ आणि ‘नोपासडब्ल्यूडी’ मोठ्या अक्षरांत:

नाव ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एनजिनएक्स

पूर्ण पत्ता हवाच, आणि तारा-चिन्ह कुठेही नको. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ या यादीत घालू नका. ते सुडोशिवायही चालतं, आणि सिस्टिमडीच्या २४७ आधीच्या आवृत्त्यांत त्याच्या पेजरमधून रूटची शेल उघडता येत होती. फाइल जतन केल्यावर चालू सेशन तसंच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून त्या युझरने लॉगिन करून ‘सुडो -एल’ बघा, आणि नियम दिसला की मगच पहिली खिडकी बंद करा.